बर्फावरचा तीनताल: एका फ्री स्केटच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४

पुढच्या हंगामासाठी माझ्या मुलीचा फ्री स्केट, म्हणजे फिगर स्केटिंग स्पर्धेतला मोठा कार्यक्रम, हिंदुस्थानी संगीतावर बसवायचा, असे आज तिच्या प्रशिक्षिकेबरोबरच्या बैठकीत ठरले आणि संगीताची निवड व आराखडा यांची जबाबदारी माझ्याकडे आली. शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे स्पर्धेतला छोटा कार्यक्रम, मागच्या वर्षीचाच राहील. मुलगी आता ज्युनिअर गटात आहे. तिथे फ्री स्केटची वेळ ३ मिनिटे ३० सेकंद असते आणि १० सेकंद कमी-जास्त चालतात. त्यापलीकडे गेल्यास प्रत्येक ५ सेकंदांपर्यंतच्या फरकाला १ गुण कापला जातो. उड्यांचे जास्तीत जास्त ७ घटक करता येतात, आणि त्यांपैकी शेवटचे तीन कार्यक्रमाच्या उत्तरार्धात आले तर त्यांचे मूळ गुण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे संगीत हे केवळ मन:स्थिती निर्माण करण्याचे साधन नसून, कोणत्या सेकंदाला काय घडणार याचे वेळापत्रकही आहे.

मी पुण्यात चौदा वर्षे कथक शिकले. माझ्या गुरू, ज्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो, त्या रोहिणी भाटे यांच्या परंपरेतल्या आहेत. त्यामुळे तालाचा हिशेब मला येतो. बर्फ मात्र मला फक्त कठड्याबाहेरून माहीत आहे, आणि या नोंदी लिहिताना ही मर्यादा मला सतत ध्यानात ठेवावी लागेल.

९ मार्च

पहिला विचार चित्रपटगीतांचा झाला आणि त्याला कारणही जवळचे होते. आम्ही राहतो त्या मिशिगन राज्यातच, कॅन्टन इथल्या रिंकवर सराव करणाऱ्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी २००९-१०च्या हंगामात आपला ओरिजिनल डान्स हिंदी चित्रपटसंगीतावर बसवला होता. त्या वर्षी आइस डान्सच्या या विभागासाठी लोकनृत्याचा विषय दिलेला होता. ‘बंटी और बबली’मधले ‘कजरा रे’ आणि ‘देवदास’मधली ‘सिलसिला ये चाहत का’ व ‘डोला रे’ अशी गाणी त्यांनी जोडली, आणि हालचालींसाठी इथल्याच एका भारतीय नृत्यशिक्षिकेचे मार्गदर्शन घेतले. व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये या नृत्याला ६७.०८ गुण मिळाले. त्या विभागात ते दुसरे आले आणि एकूण २१५.७४ गुणांसह त्यांनी रौप्यपदक मिळवले.

आज ते चित्रीकरण मी चार वेळा पाहिले, दोन वेळा आवाज बंद करून. ‘डोला रे’ हे मूळचे दोन स्त्रियांचे समोरासमोरचे नृत्य आहे. सरोज खान यांच्या त्या रचनेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि माधुरी दीक्षितच्या पावलांतला ठसका आपल्याला तोंडपाठ आहे. बर्फावर तो ठसका नाही, कारण पाऊल आपटणे तिथे शक्यच नाही. त्याची जागा मनगट, मान आणि खांदे यांनी घेतली आहे आणि लय गुडघ्यांतून येते. त्यांनी पायांची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटले. त्याच स्पर्धेत ओक्साना डोम्निना आणि मॅक्सिम शाबालिन या रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या नृत्यावर आधारलेली रचना केली होती. जानेवारीतल्या युरोपियन स्पर्धेनंतर तिथल्या आदिवासी नेत्यांनी तिच्यावर तीव्र आक्षेप घेतला आणि जोडीला वेशभूषा सौम्य करावी लागली. दोन्ही जोड्यांनी परक्या परंपरेतूनच घेतले होते. एकीने ती परंपरा जाणणाऱ्या व्यक्तीसमोर बसून घेतले, आणि माझ्या मते सारा फरक तिथेच पडला.

चित्रपटगीत मात्र मी बाजूला ठेवते आहे. गाणे ओळखीचे असले की पाहणारा मनातल्या मनात पडद्यावरचे नृत्य पाहू लागतो, आणि बर्फावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीची सतत त्याच्याशी तुलना होत राहते.

१६ मार्च

हक्कांचा प्रश्न तपासला. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी एका अमेरिकन जोडीच्या शॉर्ट प्रोग्रॅममधल्या ध्वनिमुद्रणावरून ते करणाऱ्या संगीतकारांनी थेट न्यायालयात दावा दाखल केला होता; तेव्हापासून आमच्या भागातले पालकही याबाबत सावध झाले आहेत. आपलेच ध्वनिमुद्रण करून घेणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे: पारंपरिक नगमा (प्रत्येक आवर्तनात फिरून येणारी धून), तबला, आणि वादकांची लेखी संमती. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, संगीत मी करून देईन, पण आधी मला सांग, ती उडी मारते तेव्हा हवेत किती मात्रा असते?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला सुचला नव्हता.

१७ मार्च

सरावाचे चित्रीकरण संथ करून मोजले. डबल ॲक्सलमध्ये, म्हणजे पुढे तोंड करून घेतलेल्या अडीच फेऱ्यांच्या उडीत, पाय बर्फ सोडल्यापासून परत टेकेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ जातो. पण त्या उडीची तयारी, म्हणजे क्रॉसओव्हर (पायावरून पाय ओलांडत वेग घेणे), वळण, मागच्या एजवरचा, म्हणजे पात्याच्या कडेवरचा, तोल आणि पुढे टाकलेले पाऊल, यांना सात ते आठ सेकंद लागतात. त्यामुळे संगीतात जागा करायची आहे ती उडीसाठी नव्हे, तिच्या तयारीसाठी.

२४ मार्च

आज दिवसभर हिशेब केला आणि शेवटी तो इतका नेमका बसला की मीच दोनदा पडताळून पाहिला. चारुकेशी रागातला नगमा, तीनताल, तीन लयी. पहिला भाग मिनिटाला ९६ मात्रांचा. सोळा मात्रांचे एक आवर्तन १० सेकंदांचे होते, अशी ६ आवर्तने. दुसरा भाग १२८ मात्रांचा. आवर्तन साडेसात सेकंदांचे, अशी ८. तिसरा भाग १९२ मात्रांचा. आवर्तन ५ सेकंदांचे, अशी १८. म्हणजे ६०, ६० आणि ९० सेकंद, एकूण बरोबर ३ मिनिटे ३० सेकंद.

मधल्या लयीचे साडेसात सेकंदांचे आवर्तन उडीच्या तयारीशी तंतोतंत जुळते: समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, तयारी सुरू करायची आणि पुढच्या समेवर टेकायचे. कार्यक्रमाचा मध्य १ मिनिट ४५ सेकंदांवर येतो आणि मधल्या लयीचे सातवे आवर्तनही नेमके तिथेच सुरू होते. त्यापुढच्या समेवर टेकलेली उडी वाढीव गुणांच्या शेवटच्या तिघींतली पहिली ठरेल. द्रुत लयीत एक आवर्तन तयारीला पुरत नाही, म्हणून तिथल्या दोन उड्यांना प्रत्येकी दोन आवर्तने दिली आहेत.

सम उडीच्या आरंभावर ठेवावी की टेकण्यावर, यावर प्रशिक्षिकेशी बराच वेळ बोलणे झाले. माझे मत टेकण्याच्या बाजूने आहे. कथकमध्ये सम हा पोहोचण्याचा क्षण असतो. त्याच्या आधीचे सगळे त्याची वाट पाहायला लावते, आणि उडीतही पाहणाऱ्याचा श्वास पाय बर्फावर परत येईपर्यंतच रोखलेला असतो.

७ एप्रिल

आरंभाचा विचार. जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन यांनी १४ फेब्रुवारी १९८४ रोजी सारायेव्होला ‘बोलेरो’वर केलेल्या नृत्याची आठवण यासाठी उपयोगी पडली. रॅव्हेलची ती रचना पंधरा मिनिटांच्या आसपासची आहे. ती ४ मिनिटे २८ सेकंदांपेक्षा कमी करता येईना आणि नियमाची कमाल मर्यादा ४ मिनिटे १० सेकंद होती. पण घड्याळ सुरू होत असे ते पात्यांचा बर्फावरचा प्रवास सुरू झाल्यावर. म्हणून ती दोघे गुडघ्यांवर बसून राहिली आणि पहिले अठरा सेकंद फक्त शरीराच्या वरच्या भागाने नाचली. कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना ६.० दिले. नियमाच्या अडचणीतून निघालेली ती सुरुवातच त्या नृत्याची सर्वांत लक्षात राहणारी प्रतिमा ठरली.

आता वेळ मोजली जाते ती स्केटर हलू लागल्यापासून, आणि मान हलली तरी ते हलणेच असते. मग आपला ठाट त्या जागी अगदी योग्य आहे. उभे राहणे, दृष्टी स्थिर, एक हात छातीसमोर, आणि नगम्याचे एक अख्खे आवर्तन काहीही न करता ऐकणे. त्यासाठी मुद्रणात सुरुवातीला १० सेकंदांचे एक जादा आवर्तन घालायचे, म्हणजे हिशेबातल्या साडेतीन मिनिटांना धक्का लागत नाही. बर्फावर आलेल्या मुलीला दहा सेकंद स्वस्थ उभे राहायला सांगणे हे माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अवघड निघाले.

२८ एप्रिल

पायांचा प्रश्न. ततकार, म्हणजे तालावर पाय आपटत केलेले पदन्यास, हा कथकचा कणा आहे आणि बर्फावर तो करता येत नाही. पात्याच्या टोकाच्या दात्यांवर छोटी धाव घेता येते, पण तिचा आवाज कोरडा असतो आणि वेग मरतो. बुटांवर घुंगरू बांधण्याचा प्रश्नच नाही: नियमांत हाताळण्याच्या किंवा जोडीच्या वस्तूंना जागा नाही आणि वेशाचा एखादा भाग बर्फावर पडला तरी १ गुण जातो. ध्वनिमुद्रक मित्राने सुचवले की घुंगरांचा आवाज मुद्रणातच मिसळावा. तो ऐकून पाहिला. कानाला सुरेख वाटला, पण मी नकार दिला, कारण जे पाऊल पडतच नाही त्याचा आवाज ऐकवणे मला खोटे वाटते.

त्याऐवजी ततकाराचे काम गुडघा आणि एज यांच्याकडे दिले आहे. पात्याची आतली आणि बाहेरची कड बदलताना गुडघा वाकतो, उठतो, पुन्हा वाकतो. हा झोका मात्रांवर बसवला की डोळ्यांना लय दिसते. प्रशिक्षिकेने एक सोळा मात्रांची पावलांची मालिका अशी बांधली आहे की भरीला, म्हणजे तालाच्या जड भागात, वजन ठाम राहते आणि खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या नवव्या मात्रेपासून, सगळे वजन हलके होते. तिला ‘खाली’ हा शब्द आता माझ्याइतकाच सरावाचा झाला आहे.

चक्करांबाबत उलटे शिकावे लागले. आम्ही टाचेवर फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात नजर एका बिंदूवर परत आणतो. स्पिन दात्यांच्या मागच्या भागावर होतो, वेग कितीतरी जास्त असतो आणि नजर कुठेही रोखलेली नसते. माझ्या सूचनेवरून मुलीने एकदा नजर धरण्याचा प्रयत्न केला तेव्हा स्पिनचा अक्षच ढळला. ती सूचना मी त्याच दिवशी मागे घेतली.

१२ मे

हस्तमुद्रा काढून टाकल्या. परीक्षक एका लांब बाजूला बसतात, आणि पलीकडच्या कठड्याजवळ धरलेली पताका मुद्रा तिथून नुसत्या तळहातासारखी दिसते. बोटांचे काम फक्त दोन जागी ठेवले, जिथे ती परीक्षकांसमोरून संथ जाते. बाकी सगळीकडे रेषा खांद्यापासून सुरू होते. घूंघट-गतीसाठी, म्हणजे चेहऱ्यावरचा पदर दाखवणाऱ्या कथकच्या चालीसाठी, प्रशिक्षिकेने स्प्रेड ईगल वापरले आहे: दोन्ही पावले बाहेर वळवून मोठ्या वळणावर सरकत जायचे आणि तेवढ्या वेळात हात चेहऱ्यावरून उलगडायचा. गत-निकासातले ते सहज निघून जाणे बर्फावर रंगमंचापेक्षाही मोकळे दिसते, हे मला मान्य करावे लागते.

२ जून

शेवटच्या तिहाईबद्दल, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलाबद्दल. ही नोंद सविस्तर लिहिते, कारण संपूर्ण रचनेतला सर्वांत समाधानाचा भाग हाच आहे.

कार्यक्रमाचा शेवट काँबिनेशन स्पिनने होतो. त्यात तीन मूळ स्थिती असतात: कॅमल (एक पाय मागे आडवा), सिट (बसून) आणि अपराइट (उभे). तिहाईलाही तीन पल्ले असतात. तेव्हा पहिल्या पल्ल्यात कॅमल, दुसऱ्यात सिट, तिसऱ्यात अपराइट, आणि शेवटच्या ‘धा’वर थांबणे. ताईंनी द्रुत लयीच्या अखेरच्या तीन आवर्तनांत बसणारी तिहाई दिली. समेपासून समेपर्यंत ४९ मात्रा. १५ मात्रांचा पल्ला तीन वेळा आणि मध्ये २-२ मात्रांचा दम. कागदावर ती निर्दोष होती. बर्फावर मात्र मुलगी प्रत्येक स्थितीत उशिराच पोहोचत होती, कारण त्या लयीत दोन मात्रा म्हणजे जेमतेम ०.६ सेकंद, आणि कॅमलमधून सिटमध्ये खाली उतरायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

मी ताईंना चित्रीकरण पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “पल्ला तेराचा कर आणि दम पाचाचा,” त्या म्हणाल्या. “तिला श्वास हवाय, तो तालात दे.” तेरा त्रिक एकोणचाळीस, अधिक दहा, एकोणपन्नास. दम आता दीड सेकंदाचा झाला आणि स्थिती बदलण्याचा सगळा वेळ त्यात सामावला. तिहाईतल्या रिकाम्या जागेला ‘दम’ का म्हणतात हे मला नृत्य शिकताना सांगितले गेले होते. त्याचा अर्थ मला या फोननंतर कळला.

एक निर्णय सोबत घेतला. फिरताना मोजता येत नाही, म्हणून या तिहाईची पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल, मुद्रणात ताईंच्या आवाजात ठेवली आहे. एकेरी स्केटिंगमध्ये २०१४-१५च्या हंगामापासून शब्द असलेले संगीत चालते. त्याआधी ही मोकळीक फक्त आइस डान्सला होती आणि डेव्हिस-व्हाइट यांना गाणी वापरता आली ती त्यामुळेच.

२३ जून

पुण्याहून पूर्ण मुद्रण आले. पहिल्यांदाच सबंध कार्यक्रम संगीतासह केला. वेळ ३:३१.

२१ जुलै

पहिली स्पर्धा. तिसऱ्या उडीवर ती पडली. पडण्याचा १ गुण जातो, त्याची तयारी आम्ही मनाने केलेली असते. पण उठून परत वेगात येईपर्यंत चार सेकंद गेले, आणि मधल्या लयीत ते अर्ध्या आवर्तनाहून जास्त होतात. तिच्यापुढे लगेच एक तिहाई होती. तबला समेवर आला तेव्हा ती अजून क्रॉसओव्हर घेत होती, आणि पुढची समही अशीच तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली. त्यानंतर ती संगीताच्या मागे धावत राहिली. उरलेल्या उड्या तिने केल्या, पण चेहऱ्यावरची सगळी एकाग्रता हरवलेली मोजणी शोधण्यात खर्च होत होती.

परीक्षकांबरोबरच्या समीक्षेत एका परीक्षकाने सांगितले की पूर्वार्धात रचनेचे गुण त्यांनी वरचे मनाशी धरले होते आणि पडल्यानंतर ते खाली आणावे लागले, कारण हालचाल आणि संगीत यांचा संबंध तुटला. त्यांचे म्हणणे बरोबर होते. चूक माझ्या आराखड्यात होती.

२२ जुलै

रात्री नीट झोप लागली नाही. जे लक्षात आले ते लिहून ठेवते.

रंगमंचावर माझा तोल गेला, बोल चुकला, तर तबलजी माझ्याकडे पाहत असतो. तो ठेका धरून थांबतो, नगमा फिरत राहतो, आणि मी परत येईन त्या समेवर तो मला घेतो. चौदा वर्षे मी ज्या आधारावर नाचले तो आधार मला कधी दिसलाच नाही, कारण तो नेहमी तिथेच होता. मुद्रित संगीत कोणासाठी थांबत नाही. मी मुलीला कथकचा हिशेब दिला, पण तो हिशेब सुसह्य करणारा माणूस तिच्याबरोबर बर्फावर नाही. म्हणून त्या माणसाचे काम मुद्रणातच आधी करून ठेवावे लागेल.

२८ जुलै

नवा आराखडा. आधीच्या पाच तिहायांपैकी तीन काढल्या. मधल्या लयीतली एक आणि शेवटची, अशा दोनच ठेवल्या. प्रत्येक अवघड उडीनंतर किमान एक आवर्तन असे ठेवले आहे की त्यात तबला फक्त साधा ठेका वाजवतो. कुठलाही ठळक बोल नाही, त्यामुळे कोणत्याही मात्रेवर ती परत आली तरी काही चुकल्यासारखे दिसत नाही. द्रुत लयीत, शेवटच्या स्पिनआधी, अशी सलग चार आवर्तने, म्हणजे २० सेकंद, ठेवली आहेत. तिथे मोठी सरकती वळणे आणि गत-निकास आहे. उशीर झालेला असेल तर वळणे लहान करायची आणि तिहाईच्या पहिल्या समेला वेळेवर हजर व्हायचे. आम्ही या जागांना घरात ‘विसावे’ म्हणू लागलो आहोत.

प्रशिक्षिकेला शंका होती की ठळक बोल कमी केल्याने संगीत फिके पडेल. ऐकल्यावर तसे वाटले नाही. साध्या ठेक्यामुळे नगमा वर आला आणि चारुकेशीची ती करुण छटा आता प्रथमच ऐकू येते.

१५ सप्टेंबर

दुसरी स्पर्धा. डबल ॲक्सल हातावर टेकली, पडणे झाले नाही, पण दीड-दोन सेकंद गेले. विसाव्यात ती परत तालाला मिळाली. कोणाच्या लक्षात आले नाही; मी मोजत होते म्हणून मला दिसले. शेवटचा ‘धा’ आणि तिचे थांबणे एकत्र झाले.

१० नोव्हेंबर

हंगाम संपला. पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम ठेवावा की नवा करावा? रिंकवर बहुतेकांचे मत नव्याच्या बाजूने असते. मला युझुरू हान्यूचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. आबे नो सेइमेई या जपानी ज्योतिर्विदावर आधारलेला ‘सेइमेई’ हा फ्री स्केट त्याने २०१५-१६मध्ये केला, २०१८च्या प्याँगचांग ऑलिंपिकला तोच घेऊन सुवर्णपदक मिळवले आणि फेब्रुवारी २०२०मध्ये, हंगामाच्या मध्यावर नवे कार्यक्रम बाजूला ठेवून, सोलच्या फोर काँटिनेंट्स स्पर्धेत तो पुन्हा त्याच्याकडे आणि शोपँच्या पहिल्या बॅलडकडे वळला. बॅलडवरच्या शॉर्ट प्रोग्रॅमला तिथे १११.८२ हा विक्रमी गुणांक मिळाला. दरम्यान पुरुषांच्या फ्री स्केटची वेळ साडेचार मिनिटांवरून चार झाली होती, त्यामुळे ‘सेइमेई’ कापून नव्याने बांधावा लागला. पुन्हा तेच नाचणे याला आपल्याकडे कोणी आळस म्हणत नाही. एकच गत माणूस वीस वर्षे नाचतो आणि दरवर्षी ती वेगळी होते. मुलीलाही हाच ठेवायचा आहे. ठरले.

१२ जानेवारी २०२५

दुसऱ्या वर्षाची कामे सुरू. आमच्या रिंकचा बर्फ हॉकीच्या मापाचा, २०० बाय ८५ फूट आहे. आंतरराष्ट्रीय मापाचा ६० बाय ३० मीटरचा, म्हणजे लांबीला जवळपास तेवढाच पण रुंदीला चार मीटरने मोठा. तिथे खेळण्याची वेळ आली तर वळणे बाहेर पसरतील आणि विसाव्यांतली जागा बदलेल, म्हणून दोन वेगळे नकाशे काढून ठेवले.

मुलीने एक मागणी केली. शेवटच्या तिहाईची पढंत तिला स्वतःच्या आवाजात हवी आहे. ताईंना विचारले, त्यांनी लगेच होकार दिला आणि रोज सकाळी फोनवर तिच्याकडून बोल म्हणून घ्यायला सुरुवात केली. रिंकला जाताना गाडीतही तेच चालू असते: तेरा मात्रा, पाच मात्रा गप्प, पुन्हा तेरा.

२६ जानेवारी

पढंत ध्वनिमुद्रित केली. अकरा वेळा म्हणून घेतली आणि सहावी निवडली. तिसऱ्या पल्ल्यात तिचा आवाज किंचित चढतो. ताईंनी ते ऐकून तसेच ठेवायला सांगितले.